दोन घरचा पाहुणा : शाळा आणि महाविद्यालय यांच्यामधील दोन वर्षे

भोसल्यांच्या राजवाड्यावरून ज्या भागास महाल हे नाव पडले, तो नागपूरचा जुना भाग राज्य गेल्यानंतर इंग्रजी विद्येच्या मागे लागला. १८५३ साली तिसरे रघूजी वारले आणि पुढच्याच वर्षी संस्थान खालसा झाले. दरबार गेला, कचेरी आली. फडात बसून मोडी लिहिणाऱ्या घराण्यांतील मुलांना आता इंग्रजी शिकल्यावाचून गत्यंतर उरले नाही. प्रथम शाळा, मग एंट्रन्स, मग एफ. ए. आणि त्याहून वर बी. ए. अशी एक नवी शिडी महालातील वाड्यांपुढे येऊन उभी राहिली. या शिडीचा एक पायरा मात्र आरंभापासून डळमळीत होता. शाळेची शेवटची परीक्षा आणि पदवीचा खरा अभ्यास यांच्यामधली जी दोन वर्षे, ती शाळेची मानावयाची की महाविद्यालयाची? हा प्रश्न जितका जुना तितकाच आजचाही आहे. त्याची नागपुरात काय हकीकत घडली, ती श्रोत्यांनी ऐकण्यासारखी आहे.

आरंभी हा प्रश्न कोणास पडलाच नव्हता. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ साली नागपूर प्रांती आले आणि भोसल्यांचे राज्य चालू असतानाच, १८४६ साली, त्यांनी नागपुरात शाळा काढली. त्यांच्या मायदेशी शाळा आणि विद्यापीठ यांच्यामध्ये फार मोठी भिंत नव्हती. तिकडे पंधरा वर्षांचा मुलगा विद्यापीठात दाखल होई, आणि शाळेत जे शिकावयाचे राहून गेले असेल ते विद्यापीठातील प्राध्यापकच खालच्या वर्गात त्याला शिकवीत. हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटच्या बाजूस पुराच्या पाण्यात बुडून वारले. त्यांच्या शाळेच्या परंपरेतून १८८३ साली जे महाविद्यालय निघाले, त्यास त्यांचेच नाव देण्यात आले. महाविद्यालय हे शाळेचे पुढचे वर्ग म्हणून उगवले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सागरची सरकारी शाळा वाढत जाऊन १८७३ साली जबलपुरास हलली आणि पुढे तेथील सरकारी कॉलेज झाली, तिची कथाही याच जातीची. त्या काळी महाविद्यालय ही शाळेच्या शेंड्यास फुटलेली पालवी होती.

दोनच वर्षांनी, १८८५ साली, चीफ कमिशनर सर जॉन मॉरिस यांच्या स्मरणार्थ मॉरिस कॉलेज निघाले. या कार्यात बिपिन कृष्ण बोस यांच्यासारखी नागपुरातील सुशिक्षित मंडळी पुढे होती. इकडे शहरात नील सिटी स्कूल चालू होते. हेच पुढे महालातील दादासाहेब धनवटे नगर विद्यालय झाले. शाळा आणि कॉलेज या दोहोंना विद्यार्थी पुरविणारी घरे एकच, वर्गणी देणारे हात बव्हंशी एकच आणि परीक्षा घेणारे विद्यापीठही एकच होते. ते विद्यापीठ कलकत्त्याचे. शाळेच्या शेवटी एंट्रन्सची प्रश्नपत्रिका कलकत्त्याहून येई, आणि दोन वर्षांनी एफ. ए.ची प्रश्नपत्रिकाही तेथूनच येई. १९०४ नंतर कलकत्त्याऐवजी अलाहाबादकडे तोंड करावे लागले, एवढाच काय तो फरक. परीक्षकाचे गाव शेकडो मैलांवर असल्यामुळे गैरसोयी पुष्कळ होत्या, परंतु शाळा व कॉलेज या दोघांचा धनी एक असल्याने एकाने काय शिकवावे आणि दुसऱ्याने कोठून आरंभ करावा याविषयी वाद नव्हता.

त्याच १८८५ साली पुण्यात जे घडले तेही येथे सांगितले पाहिजे. चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्या न्यू इंग्लिश स्कूलचा आरंभ १८८० चा. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघाले. शाळेची धुरा वाहणारे वामन शिवराम आपटे हेच कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले. टिळकांनी शाळेत गणित शिकविले आणि कॉलेजातही शिकविले. गोपाळ कृष्ण गोखले शाळेतून कॉलेजात गेले, आणि कॉलेजात शिकवीत असताही शाळेच्या मुलांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आजीव सभासदाने संस्था सांगेल तेथे शिकवावे, असा त्या मंडळींचा बाणा होता. त्यामुळे इंग्रजी सहावीत मुलाचे कोठे अडते हे ज्या माणसाने पाहिले, तोच माणूस दोन-तीन वर्षांनी त्याच मुलापुढे कॉलेजात उभा असे. शाळेचा व कॉलेजचा अभ्यास एकजीव करण्याचा याहून सोपा आणि स्वस्त उपाय पुढच्या कोणत्याही आयोगास सापडलेला नाही.

परंतु संख्या वाढली आणि हा घरोबा टिकला नाही. कलकत्ता विद्यापीठाच्या कक्षेत मॅट्रिक झालेल्या मुलांची एवढी गर्दी झाली की, तिची चौकशी करण्यासाठी सरकारला १९१७ साली आयोग नेमावा लागला. लीड्स विद्यापीठाचे कुलगुरू सर मायकेल सॅडलर हे त्याचे अध्यक्ष होते, आणि सर आशुतोष मुकर्जी हे त्यातील एक सभासद. १९१९ साली या आयोगाने आपला प्रचंड अहवाल सादर केला. त्यातील मुख्य निदान असे की, इंटरमीजिएटची दोन वर्षे नावाने विद्यापीठाची असली तरी तेथील अभ्यास वस्तुतः शाळेचा आहे. ज्या मुलास अजून लेखन, वाचन आणि विचार यांचा सराव हवा, त्यास शंभर-दीडशे जणांच्या वर्गात बसवून व्याख्यान ऐकविण्यात काय हशील? त्याला धडा हवा, वहीवर लाल शाई हवी, चूक झाली तर ती दाखविणारा शिक्षक हवा. म्हणून आयोगाने सुचविले की, विद्यापीठाची सीमा मॅट्रिकवर न ठेवता इंटरवर ठेवावी. इंटरचे वर्ग विद्यापीठाकडून काढून घेऊन त्यांची स्वतंत्र इंटरमीजिएट कॉलेजे करावीत किंवा ते निवडक हायस्कुलांना जोडावेत. शाळा आणि इंटर या दोहोंवर एकच मंडळ नेमावे आणि पदवीचा अभ्यास तीन वर्षांचा करावा.

संयुक्त प्रांताने ही सूचना उचलली. १९२१ च्या कायद्याने अलाहाबाद येथे हायस्कूल व इंटरमीजिएट या दोहोंचे मिळून एक मंडळ स्थापन झाले आणि १९२३ साली त्याने पहिली परीक्षा घेतली. नागपुरात मात्र निराळे घडले. १९२२ साली मध्यप्रांतात हायस्कूल शिक्षणाचा कायदा होऊन शाळांसाठी मंडळ निर्माण झाले, आणि १९२३ च्या ऑगस्टच्या ४ तारखेस नागपूर विद्यापीठ अस्तित्वात आले. सर बिपिन कृष्ण बोस हेच त्याचे पहिले कुलगुरू. शाळांच्या शेवटची परीक्षा मंडळाकडे गेली आणि इंटर विद्यापीठाकडेच राहिले. म्हणजे सॅडलर आयोगाने जी रेघ पुसावयास सांगितली होती, तिच्यावरच नागपुरात कायद्याची पक्की भिंत उभी राहिली.

असे का व्हावे? नव्या विद्यापीठाकडे आरंभी सहा महाविद्यालये आणि सर्व मिळून ९२७ विद्यार्थी होते. पहिल्या दोन वर्षांचे वर्ग यांतून वजा केले असते तर बाकी काय राहिली असती, याचा हिशेब कोणासही करता येईल. कॉलेजचा खर्च फीवर चाले, आणि खालच्या वर्गांत मुले अधिक म्हणून फीही अधिक. पदवीच्या वरच्या वर्गांचा संसार इंटरच्या कमाईवर चालत असे. जन्मतःच दुर्बळ असलेल्या संस्थेने आपल्या पोटाची भाकर दुसऱ्याच्या ताटात वाढावी, अशी अपेक्षा करणे व्यवहारास धरून नव्हते. विद्यापीठाच्या चालकांना त्यासाठी दोष देता येत नाही. परंतु जी वाटणी अभ्यासाच्या विचाराने व्हावयाची ती जमाखर्चाच्या विचाराने झाली, एवढे इतिहासात नोंदले पाहिजे.

या भिंतीवर आणखी एक थर चढला, तो भाषेचा. मध्यप्रांत सरकारने १९२२ च्या सुमारास हायस्कुलांतून देशी भाषांच्या द्वारे शिक्षण देण्याचे धोरण स्वीकारले. ते सर्वथा स्तुत्य होते, आणि अनेक प्रांतांना त्यास पुष्कळ उशीर लागला. महालातील मुलगा इतिहास, भूगोल, बीजगणित हे विषय मराठीतून शिकू लागला. त्यास ते समजू लागले आणि आवडूही लागले. परंतु कॉलेजची भाषा इंग्रजीच राहिली. जून महिन्यात हाच मुलगा शुक्रवारी तलावाच्या काठाने निघून, आगगाडीचे रूळ ओलांडून सीताबर्डीस कॉलेजात गेला की, त्याचे सारे ज्ञान जणू परक्या मुलखात येऊन पडे. काल ज्यास तो त्रिज्या म्हणत होता त्यास आज रेडियस म्हणावयाचे, काल ज्यास प्राणवायू म्हणत होता त्यास आज ऑक्सिजन. शब्द पाठ करता येतात. परंतु व्याख्यानाच्या ओघात प्रत्येक वाक्याचे मनातल्या मनात मराठी करून पुन्हा इंग्रजीत टिपण घेणे, ही कसरत सोळा-सतरा वर्षांच्या मुलास जड जाणारच. शाळेत हुशार ठरलेला मुलगा इंटरला नापास झाला की लोक त्याच्या हुशारीवर शंका घेत. दोष त्याच्या हुशारीचा नसे. मंडळाने एक भाषा धरली, विद्यापीठाने दुसरी धरली आणि मधल्या दोन वर्षांत त्या दोन भाषांचा सांधा जोडण्याचे काम कोणीच आपल्याकडे घेतले नाही.

तो सांधा जोडण्याचा एक धीट प्रयत्न नागपूर विद्यापीठाने १९४० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात केला. मराठी व हिंदी या भाषांना महाविद्यालयीन शिक्षणाचे माध्यम करण्यात त्याने हिंदुस्थानातील बहुतेक विद्यापीठांच्या आधी पाऊल उचलले. पाठ्यपुस्तके नव्हती, परिभाषा ठरलेली नव्हती, आणि ज्या प्राध्यापकांनी जन्मभर इंग्रजीतून शिकविले त्यांना मराठीत बोलताना अडखळावयास होई. तरीही या प्रयत्नाचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. आजवर शाळेने वर चढून कॉलेजच्या उंबऱ्याशी जावे अशीच अपेक्षा होती. येथे प्रथमच कॉलेज चार पायऱ्या खाली उतरून शाळेस सामोरे आले.

दरम्यान अखिल हिंदुस्थानाच्या पातळीवर ही रेघ कोठे असावी याचा खल चालूच होता. १९४४ च्या सार्जंट योजनेने सांगितले की, इंटर मोडून टाकावे; त्याचे पहिले वर्ष शाळेस द्यावे, दुसरे वर्ष विद्यापीठास द्यावे. दिल्ली विद्यापीठाने तर त्याच्या आधीच, १९४३ साली, तीन वर्षांचा पदवीक्रम सुरू केला होता. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने म्हटले की, बारा वर्षांचा अभ्यास पुरा झाल्यावाचून विद्यापीठाचे दार उघडू नये. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने अकरा वर्षांची उच्च माध्यमिक शाळा सुचविली. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोग बसला आणि त्याच्या अहवालातून दहा, दोन आणि तीन असा आकडा देशापुढे आला. मध्यंतरी १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. म्हणजे महालातील एकाच घरात आजोबा एंट्रन्स, बाप मॅट्रिक व इंटर, थोरला भाऊ अकरावी आणि धाकटा दहावी-बारावी, अशा चार निरनिराळ्या मोजपट्ट्यांनी मोजलेली माणसे सापडू लागली. प्रत्येकास वाटे की, आपली परीक्षा कठीण होती आणि पुढच्याची सोपी. वस्तुतः परीक्षा बदलली नव्हती तितकी तिची जागा बदलली होती.

महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली आणि मधल्या दोन वर्षांना कनिष्ठ महाविद्यालय हे नाव मिळाले. हे नावच मोठे बोलके आहे. अभ्यासक्रम आणि परीक्षा यांपुरती ही दोन वर्षे शालेय मंडळाच्या अखत्यारीत आली, म्हणजे सॅडलर आयोगाची सूचना अर्धशतकानंतर अमलात आली. परंतु नावाने ती महाविद्यालयच राहिली. काही ठिकाणी हे वर्ग हायस्कुलांना जोडले गेले, काही ठिकाणी पदवी महाविद्यालयांना. हायस्कुलास जोडलेल्या वर्गातील मुलास वाटे की, आपण अजून शाळेतच आहोत, खरे कॉलेज आपल्यास मिळाले नाही. पदवी महाविद्यालयास जोडलेल्या वर्गातील मुलास वाटे की, आपण कॉलेजात आलो, आता कोणी हजेरी विचारू नये. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी म्हण आपल्याकडे आहे. या दोन वर्षांची गत नेमकी तीच झाली.

पाहुणा उपाशी राहिला की तो तिसऱ्याच घरी जेवतो. विज्ञान शाखेच्या अनेक विद्यार्थ्यांचे नाव आज हजेरीपटावर कनिष्ठ महाविद्यालयात असते, आणि प्रत्यक्ष दिवस खाजगी शिकवणीच्या वर्गात जातो. वैद्यकी व अभियांत्रिकी यांच्या प्रवेशपरीक्षांनी या दोन वर्षांचा ताबा घेतला. शाळेने सोडले, विद्यापीठाने धरले नाही, तेव्हा बाजाराने उचलले. ज्या घरास ही फी परवडते तेथील मुलाचा सांधा कसाबसा जुळतो. ज्यास परवडत नाही त्याच्यासाठी तीच जुनी भिंत, तितकीच उंच, उभी आहे. सॅडलर आयोगाच्या अहवालातील व्याख्यानाच्या गर्दीत हरवलेला मुलगा आणि आज रिकाम्या वर्गात हरवलेला मुलगा, हे दोघे सख्खे भाऊ शोभावेत.

अन्य देशांनी हा प्रश्न कसा हाताळला? फ्रान्समध्ये १८०८ सालापासून बाकालोरेआ ही परीक्षा शाळेची शेवटची आणि विद्यापीठाची पहिली पदवी, अशा दोन्ही नात्यांनी मानली गेली. शिकागो विद्यापीठाने १९३७ साली हायस्कुलाची शेवटची दोन वर्षे व कॉलेजची पहिली दोन वर्षे मिळून चार वर्षांचा एक अभ्यासक्रम रचला. न्यूयॉर्कमध्ये २००१ साली बार्ड कॉलेजने अशी शाळा काढली की, तेथील मुले हायस्कुलाचा दाखला मिळवितानाच कॉलेजच्या दोन वर्षांचाही अभ्यास पुरा करतात. या सर्वांची घडण निराळी आहे, परंतु एक गोष्ट समान आहे. सांध्याची जबाबदारी कोणाची हे तेथे ठरलेले आहे, आणि शाळेच्या कामात विद्यापीठाचा किंवा कॉलेजचा हात प्रत्यक्ष आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी ही चार वर्षे मिळून एक टप्पा मानली, आणि पदवीसाठी तीन किंवा चार वर्षे असा पर्याय ठेवला. रेघ पुन्हा एकदा हलत आहे. ती हलविण्यास हरकत नाही. काळाप्रमाणे मोजपट्टी बदलावीच लागते. परंतु नागपूरचा पाऊणेदोनशे वर्षांचा अनुभव जमेस धरला तर असे दिसते की, रेघ मॅट्रिकवर होती तेव्हाही मुले अडखळली, अकरावीवर गेली तेव्हाही अडखळली, आणि बारावीवर गेली तेव्हाही अडखळणे थांबले नाही. ज्या थोड्या काळात व ज्या थोड्या ठिकाणी ती अडखळली नाहीत, तेथे रेघ कोठे होती याचे फारसे महत्त्व नव्हते. तेथे शाळेतील शिक्षक व कॉलेजातील शिक्षक एकमेकांस ओळखत होते. पुष्कळदा तर ते एकच होते.

म्हणून या विषयात धोरण आखणाऱ्यांनी दोन-तीन साध्या गोष्टींचा विचार करावा, असे हा इतिहास सुचवितो. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या शहरातील चार-पाच शाळांशी कायमचा संबंध ठेवावा आणि आपल्या प्राध्यापकांपैकी काहींना आठवड्यातील दोन तास त्या शाळांच्या वरच्या वर्गांवर पाठवावे. शाळेतील अनुभवी शिक्षकांना महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचे वर्ग द्यावेत. मुलाचे पाणी कोठे मुरते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते. भाषेचा बदल करावयाचा असेल तर तो एका जूनमध्ये न करता दोन वर्षांत क्रमाने करावा, आणि मराठी परिभाषेच्या जोडीस इंग्रजी परिभाषा शाळेतच कानांवर घालावी. यास नवा कायदा लागत नाही, नवे मंडळ लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. लागते ती एवढीच कबुली की, सोळा ते अठरा या वयाचा मुलगा शाळेचाही आहे आणि महाविद्यालयाचाही आहे.

दोन घरांनी पाहुण्यास एकमेकांकडे ढकलले तर तो उपाशी राहतो; दोन्ही घरांनी मिळून एक पंगत मांडली तर तो दोन्हीकडचा होतो. नगर विद्यालयापासून सीताबर्डीपर्यंतची वाट काही फार लांब नाही. त्या वाटेने दर जून महिन्यात मुले आपणहून चालत जातात. आता थोडे शिक्षकांनीही त्या वाटेने जावे यावे, एवढेच या इतिहासाचे सांगणे आहे.